बगळ्यायच्या लग्नाचे फोटोवाले काका

हात खाली पडला अन् मले समजलं का काहीतरी लय वाईट झालं. तंबूच्या फटीतून निघालेला काकायचा हात, मी कव्हाची त्याच हाताकडं पाहत बसली होती, तो एकदम सटकला अन् पान्यात पडला, अन् मांगून सारा तंबू एका अंगाले कलला. मी वरडली, "काका!" तीन पावसाळ्यात त्या तलावावर मी एकदा बी वरडली नव्हती. साऱ्या बाभळीवरचे बगळे एका दमात उडाले, आभाळ पांढरं झालं, माही पोरगी परी दचकून रडाले लागली. मी अठी काठावर, काका तठी पान्यात, मधात चाळीस-पन्नास पावलं नुसता चिखल अन् पानी. मले पोहता येत नाही. पोरगी तीन वर्षाची. घरवाला भाजी घेऊन अकोल्याले गेलेला. सांगते, सारं सांगते, पन आधी काका कोन होते ते सांगा लागन. नाही तर तुमी म्हनसान का बुढा मानूस समोर मरून राहिला अन् ही बाई बसून पाहत होती. बसली तर मी होतीच. पन काहून बसली ते ऐका.

काकायसारखं बसनारा मानूस मी आजलोग पायला नाही. चार घंटे बसत. नाकावर माशी बसली तरी हात उचलत नसत, डोळा मिचकावून तिले उडवत. आमचं गाव पातूरच्या अलीकडं, गावामांगं पाझर तलाव, तलावाच्या काठाले आमचं भाजीचं वावर. मेथी, सांबार म्हंजे तुमची कोथिंबीर, पालक, कडेनं झेंडू. तलावात पाच-सात बाभळी पान्यातच उभ्या हायत अन् पावसाळा लागला का त्यायच्यावर पांढऱ्या बगळ्यायचे खोपे असतात. काका अकोल्याहून स्कूटरवर येत, स्कूटर आमच्या झोपडीजवळ लावत अन् त्या बाभळीसमोर जाऊन बसत. गावात त्यायचं नाव कोनी घेत नव्हतं. नवरदेवकाका म्हनत. कारन ते परत आले का कोनी बी विचारो, "काय काका, आज काय झालं?" तर एकच सांगत, "आज नवरदेव नाचला." नाही तर मग, "आज नवरदेव रुसला."

त्यायचा जुना धंदा लग्नाचे फोटो काढायचा. अकोल्यात दुकान होतं. काका म्हनत, अर्ध्या जिल्ह्याचे नवरा-नवरी आपल्या डब्यात बंद हायत. मंग सारे मोबाइलवरच फोटो काढाले लागले, दुकान बंद झालं, काकू गेल्या, पोरगा अमरावतीले कोचिंग क्लासमध्ये शिकवाले लागला. घरी एकटे पडले तव्हा काका बगळ्यायच्या मांगं लागले. मी एकदा विचारलं, "काका, मानसायचे फोटो सोडून ह्या पाखरायचे काहून काढता?" तर म्हनाले, "पोरी, चाळीस वर्ष मी नवऱ्याले सांगत आलो, इकडं पाय, जरासा हास, मान वर कर. सारे कॅमेऱ्याकडं पायत, नवरीकडं कोनी पायत नव्हतं. हा बगळा पयला नवरदेव भेटला जो माह्याकडं ढुंकून पायत नाही. तो तिच्याकडंच पायते."

मले आधी सारे बगळे सारखेच दिसत. गाईमांगं फिरतात ते अन् तलावावर बसतात ते, सारेच बगळे. काकायनं त्यायच्या कॅमेऱ्याच्या मांगच्या काचेत दाखवलं. बापरे, काय ते रूप. पाठीवरून बारीक बारीक पांढरी पिसं निघतात, केसाहून पातळ, अन् तो ते सारे उभे करते, जसा कोनी मलमलीचा पदर झटकून वाऱ्यावर धरला. मान सरळ आभाळात ताठ करते, मंग हळूच खाली घेते, मंग पुन्हा वर. डोळ्याजवळ हिरवं येते. अन् चोच, जी एरवी पिवळीजर्द राहते, ती काळी पडते. मी म्हनलं, "काका, हे तर उलटंच झालं. आपला नवरदेव हळद लागली का पिवळा होते." काका तोंडावर हात ठेवून हसले, आवाज न करता, हलून हलून. मंग जो भेटन त्याले सांगत, "ह्या पोरीनं जे पायलं ते मले तीन वर्षात दिसलं नाही. बगळ्याची हळद उतरते तव्हा त्याचं लगन लागते."

अन् काडी. नाचून झालं का तो नवरदेव एक काडी आनते, बाभळीची नाही तर काहीची, अन् तिच्यासमोर धरते. तिनं घेतली तर ती खोप्यात ठेवते अन् झालं लगन. नाही घेतली तर हा काडी चोचीत धरून तसाच उभा राहते, लय वेळ. काकायचा जीव त्या काडीतच अडकलेला असे. म्हनत, "मानसाची काडी मोडली का नातं तुटते, त्याले आपन काडीमोड म्हनतो. ह्यायची काडी देल्ली का नातं जुळते. आता सांग, शहानं कोन?" त्यायले तोच एक फोटो पायजे होता, दोघायच्या चोची एकाच काडीले लागलेल्या, त्याची सोडून झाली नाही अन् तिची धरून झाली नाही, असा. तीन पावसाळे त्या एका फोटोसाठी येत होते. कव्हा पाऊस मधात ये, कव्हा दुसरा बगळा मधात ये, कव्हा ती फांदीमांगं लपे.

आता माह्या कामाचं सांगते, कारन सारं त्याच्यावरच हाय. पान्यात पयल्या बाभळीसमोर काकायनं बांबूचा छोटा तंबू केला होता, वरून माही जुनी हिरवी साडी गुंडाळलेली. आत एक स्टूल अन् कॅमेऱ्याची तिपाई, बस. काका एकटे तंबूत गेले तर बगळे समजत का मानूस आत हाय, मंग नाचत नसत, माना लांब करून तंबूकडं पाहत राहत. म्हनून दोघायनं जायचं अन् एकानं परत यायचं. "बगळ्याले मोजता येत नाही," काका म्हनत. "दोन गेले, एक आला, त्याले वाटते मानूस गेला." परत येनारी मी. मले पान्याचं लय भेव, पन काठापासून तंबूलोग पानी पोटरीच्या वर नव्हतं, अन् काकायनं दोन्ही बाजूनं काड्या रोवून वाट केली होती, त्या वाटेनं मी जाये. मंग काठावर सांबार तोडत बसायचं. अन् हाताकडं ध्यान ठेवायचं. तंबूच्या फटीतून हात निघाला अन् बोटं आत वळाली का ये, मले घ्याले ये. हात निघाला अन् पंजा सारा उघडा असला, तर थांब. नवरदेव नाचून राहिला. येऊ नोको, बोलू नोको, उभी बी राहू नोको. पंजा आत जाईलोग जागेवर.

गावातल्या बाया काय बोलत ते काय सांगू. आमच्या शेजारची शांताबुढी तर रोज सकाळी दारातूनच, "काहून वं, आले नाही का तुहे नवरदेव आज?" मी शरमेनं मरे. लग्नाले पाच वर्ष झालेली बाई, पराया मानसासंगं तलावात चालत जाते. सासूनं एकदा विचारलं, परीच्या पप्पानं, माह्या घरवाल्यानं, बी विचारलं. मी पप्पाले म्हनलं, चाल, एक दिवस तू बी पाय. तो आला, काठावर बसला, बगळा नाचला, तो परीले मांडीवर घेऊन घंटाभर बसून राहिला अन् घरी येऊन आईले म्हनाला, "जाऊ दे तिले. तो बुढा देवमानूस हाय." शांताबुढीचं तोंड तरी बंद झालं नाही. काकायले हे सारं समजे. तंबूत शिरताना मुद्दाम मोठ्यानं म्हनत, "माय, तुह्या सासऱ्याच्या वयाचा हावो मी, सांग त्यायले." अन् मंग हळूच, "पन बगळे आयकून राहिले, आता चूप."

त्या पंजाची मले एकदा चांगलीच शिक्षा झाली होती. पयल्याच पावसाळ्यातली गोष्ट. पंजा उघडा होता, अन् मले वाटलं तंबूत बसून लय वेळ झाला, बुढा मानूस, सकाळपासून पोटात काही नाही. मी किटलीत चहा अन् एक कप घेऊन निघाली. अर्ध्या वाटेत असंन, बगळे उडाले. सारे. अन् ते उडाले का कावळे आले, कोठून आले देव जाने, अन् एकेका खोप्यातून अंडी फोडून खाल्ली, माह्या डोळ्यासमोर. निळसर अंडी असतात, पिवळा बलक फांदीवरून पान्यात गळून राहिला होता. काका तंबूतून बाहेर आले. मी म्हनलं आता शिव्या देतीन. काही नाही. कपाचा कान धरून उभे राहिले, चहा पेले नाहीत, निस्ते बाभळीकडं पाहत. मंग म्हनाले, "आपल्यापायी लगन मोडलं, पोरी." आपल्यापायी म्हनाले, तुह्यापायी नाही. ते मले शिवीपेक्षा जास्त लागलं. त्या दिवशी मी परीच्या डोक्यावर हात ठेवून म्हनलं का आता पंजा दिसला का मी हालनार नाही, अंगावर झाड पडलं तरी.

भेवाचं बी त्यायनंच शिकवलं. मले साऱ्यायचंच भेव वाटते, लहानपनापासून. पान्याचं, कुत्र्याचं, दवाखान्याचं, पोलिसायचं, कोनी मोठ्यानं बोललं तर त्याचं बी. सातवीत शाळा सुटली ती बी भेवानंच, गनिताच्या सराच्या. काका म्हनत, "भेव वाटते तर वाटू दे, फक्त हालू नोको. भेव आलं का मानूस पळते, अन् पळनाऱ्याले काही दिसत नाही. बसून राह्य. उडून जाते." मले ते बोलनंच वाटे. पन मांगच्या वर्षी सांबाराच्या वाफ्यात परी बसली होती अन् तिच्या पायाजवळून नाग निघाला, हे एवढा. माह्या तोंडात किंकाळी आली होती. काकायचं बोलनं आठवलं. मी परीकडं पाहून हळूच म्हनलं, परी, पुतळा. आमी पुतळा पुतळा खेळत असू, काकायनंच शिकवला होता तो खेळ. परी पुतळा झाली. मी बी पुतळा झाली. नाग वाफ्यातून गेला, धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, चढला, बेशरमाच्या झुडपात गेला. मंग मी पोरीले उचललं अन् घरालोग पळाली. तव्हापासून मी मनात धरलं, हा मानूस सांगन ते खरं. हालायचं नाही.

तर असं सारं होतं, अन् असा तो दिवस आला.

श्रावन लागला होता. सकाळी पाऊस थांबला, ऊन पडलं, काका म्हनाले, "आज उजेड लोन्यासारखा हाय. आज नवरदेव काडी आननच." मी त्यायले तंबूलोग सोडलं. जाताना डावा हात झटकत होते. म्हनाले, मुंग्या येऊन राहिल्या, रात्री अंगाखाली आला असंन. मी बी म्हनलं, हाव, आला असंन. परत काठावर आली, परीले पोत्यावर बसवलं, सांबार तोडाले लागली. बाभळीवर नवरदेव नाचून राहिला होता, मले बिनकॅमेऱ्याचा बी दिसे. कॅमेरा खटखट खटखट वाजून राहिला होता. मंग खटखट बंद झाली. मंग थोड्या वेळानं तंबूच्या फटीतून हात आला. पंजा. पुरा उघडा.

मी बसली.

नवरदेव काडी घेऊन आला होता. तिनं घेतली नाही, तो उभा. मी म्हनलं काका तोच फोटो पाहून राहिले. आज भेटते त्यायले. मी परीच्या तोंडावर बोट ठेवलं. पंजा तसाच. मी हातातली जुडी बांधली, दुसरी बांधली, जुड्यायचा ढीग झाला. पंजा तसाच. काकायचा पंजा कव्हा बी दोन-तीन मिनिटायच्या वर बाहेर राहत नव्हता, हे मले माहीत होतं. खोटं कायले बोलू, मनात आलं, एवढा वेळ काहून? मनात आलं का उठावं. अन् त्याच्यामांगं डोळ्यासमोर ते कावळे आले, ती फुटलेली अंडी, तो कपाचा कान धरलेला मानूस. मी म्हनलं आज ह्यायचं तीन वर्षाचं लगन मोडलं तर ते मले तोंड दाखवनार नाहीत. मी स्वतःले सांगत होती, भेव हाय, उडून जाईन, हालू नोको. परी कुजबुजली, "मम्मी, काका टाटा करून राहिले." मी म्हनलं, चूप, काका थांब म्हनून राहिले.

तीन वर्षाच्या लेकरानं जे पायलं ते मले दिसलं नाही. तो हात बोलावत होता. काकायनं मले हाक मारन्यासाठी हात काढला असंन, बोटं वळालीच नसतीन. अन् तंबूले साडी बांधाची सुतळी असते ना, तिच्या फासात मनगट अडकलं, म्हनून तो हात वर राहिला. सुतळी सटकली तव्हा पडला.

मंग मी वरडली, ते सांगतलं. आता पुढचं. मी पान्याकडं पळाली अन् मांगं पायलं तर परी माह्या मांगं पळत येऊन राहिली. पाझर तलावाचा काठ, पाऊस पडून गेलेला, एका अंगाले काकायची वाट अन् दुसऱ्या अंगाले खोदकामाचा खड्डा, त्याचा थांग कोनाले माहीत नाही. मी परीले धरलं, ओढनी काढली अन् पोरीच्या कमरेले बांधून दुसरं टोक वावराले पानी देनाऱ्या मोटरीच्या लोखंडी पाइपाले बांधलं. वावरात काम करनाऱ्या बाया बांधतात लेकरायले, काही नवीन नाही. बांधली अन् पान्यात उतरली. अर्ध्या वाटेत गेली अन् एकदम ध्यानात आलं, पाऊस पडला का त्या पाइपात करंट येते. मांगच्या महिन्यात पप्पाले झटका बसला होता. लाइन होती का गेलेली होती, मले माहीत नव्हतं. मांगं परी रडून राहिली, पाइपाजवळ. पुढं काका तंबूत वाकडे पडलेले, तोंड पान्याजवळ. मी मधात उभी. किती वेळ उभी राहिली मले नाही माहीत. लय नसंन. पन उभी राहिली.

मी परत फिरली. पोरीले सोडलं, खांद्यावर घेतलं अन् तिले घेऊन पान्यात गेली. तिचे दोन्ही हात माह्या गळ्यात, श्वास बंद होऊन राहिला माहा. तंबूत काका एका अंगावर होते, स्टूल आडवं, तोंड वाकडं झालं होतं, डोळे उघडे. जिवंत होते. माह्याकडं पायलं. बोलाचं करत होते, निस्ता घरघर आवाज. मी त्यायचं डोकं मांडीवर घेतलं, मी पान्यात बसलेली, परी पाठीले, अन् मी वरडत राहिली. माहा फोन काठावर पोत्यापाशी. काकायचा फोन खिशातून काढला तर तो कुलपात, उघडाले बोट कसं फिरवाचं ते मले माहीत नाही, खाली इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, दाबलं तर दुसरंच उघडलं. वरडत राहिली. मंग सडकेवरून जानाऱ्या एका बकऱ्यावाल्यानं आयकलं. तो आला, त्यानं गावातून मानसं आनली, तिनचाकीत घातलं, पातूरले नेलं, तठून अकोल्याले. परीचे पप्पा बाजारातून सरळ दवाखान्यात आले. मले बाजूले घेऊन म्हनाले, "जास्त बोलू नोको. पोलीस विचारतीन. जेवढं विचारलं तेवढंच सांग."

डॉक्टर तरुन होता, घाईत होता. त्यानं विचारलं, "हे कधी झालं? नेमकं कधी? त्याच्यावर औषध ठरते." मले पंजा दिसला. कव्हाचा तो पंजा. सात वाजता? सव्वासात? मी पप्पाकडं पायलं. मी म्हनलं, "आठ वाजता. हात पडला तव्हाच पायलं मी." त्यानं ते कागदावर लिहिलं. मी पायलं त्याले लिहिताना.

काका चार दिवस राहिले. मी एकदा भेटाले गेली, परीले घेऊन. लकव्यानं डावं अंग गेलेलं, बोलनं गेलेलं. परीले पाहून उजवा हात थोडासा उचलला अन् मंग ठेवून देल्ला. काय म्हनाचं होतं मले समजलं नाही. मी त्यायच्या कानाजवळ जाऊन म्हनलं, काका, मी बसली होती. माफ करा, मी बसली होती. त्यायचे डोळे छताकडं. आयकलं का नाही, देव जाने. पाचव्या दिवशी सकाळी फोन आला.

तेरवी झाल्यावर त्यायचा पोरगा गावात आला, अमरावतीहून. तंबू पाहायचा म्हने. शांत मानूस हाय, काकायसारखाच, हळू बोलनारा. सासूनं चहा केला. तो म्हनाला, "ताई, डॉक्टर म्हनाले का आठला झालं अन् तुमी लगेच आनलं, म्हनून चार दिवस तरी बाबा भेटले आमाले. तुमचे उपकार हायत." माह्या सासूनं पदर डोळ्याले लावला. मी भिंतीले टेकली. मंग त्यानं कॅमेरा काढला, मांगच्या काचेत फोटो दाखवले. नवरदेव नाचून राहिला, मान वर, पिसं उभे, नुसता उजेड. काडी नव्हती कोठी. शेवटच्या फोटोत बगळा अर्धाच होता, बाकी पानी. खाली वेळ लिहिलेली. "सात बारा," तो म्हनाला. मले सात-बारा वावराचाच माहीत, मले वाटलं जमिनीचं काही बोलून राहिला. तो म्हनाला, "सात वाजून बारा मिनिटं. ताई, बाबा नवरदेव नाचत असताना बटन सोडत नव्हते, तुमाले तर माहीत हाय. मंग सात-बारापासून आठपर्यंत एक बी फोटो कसा नाही? तव्हा काय करून राहिले होते बाबा?"

शांताबुढी दारात होती. पप्पा खाटेवर होते. सासू चुलीजवळ. सारे माह्याकडं पाहत होते.

मी म्हनलं, "नवरदेव रुसला असंन, भाऊ."

त्यानं कॅमेरा बंद केला. मंग म्हनाला, "हाव, असंन." उठला. चप्पल घालताना म्हनाला, "काही आठवलं तर सांगजा, ताई. मले रागवाचं नाही हाय. मले निस्तं माहीत करून घ्याचं हाय, बाबाले लय वेळ एकट्याले राहा लागलं का." परीच्या वहीवर नंबर लिहून गेला.

आता फोन वाजला का माह्या हातातलं काम गळून पडते. बाहेर मोटरसायकल थांबली का मी आतल्या खोलीत जाते. पप्पा म्हनतात, विसर, तू नसती तर तो तठीच मेला असता. सासू म्हनते, जीव त्याचा तेवढाच होता. मी कोनाले सांगतलं नाही का मी पंजा पायला होता, का मले शंका आली होती, का माह्या पोरीनं मले सांगतलं होतं. तुमालेच सांगून राहिली. तुमच्यात जे कोनी आई असंन, जिले कोनी चांगल्या मानसानं सांगतलं असंन का हालू नोको, अन् त्याच्या सांगन्यानं जिचं लेकरू एकदा वाचलं असंन, ते सांगा मले. तुमी उठल्या असत्या का? लेकराले काठावर बांधून पुढं गेल्या असत्या, का मधातून परत फिरल्या असत्या? अन् त्या पोराले, जो म्हनते मले रागवाचं नाही हाय, त्याले खरं काय ते सांगतलं असतं का तुमी? कोन्या तोंडानं सांगतलं असतं?